भेगेवरची काच

गावातल्या वाचनालयाच्या जुन्या दगडी भिंतीला भेग गेली आहे. भूकंप झाला तर ही इमारत कितपत टिकेल, ते तपासायचं काम माझ्याकडे आहे. म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख घातली होती. भिंत सरकली की काच तडकते. तिचं काम तेवढंच.

आज पाहिलं तर काच अखंड, लख्ख. वहीत 'भिंत स्थिर' असं लिहीत होतो, तेवढ्यात ग्रंथपालबाई कौतुकाने म्हणाल्या, "साहेब, मधे दोनदा तडकली बरं का. तुम्ही एवढी नीट लावलेली, वाईट दिसायला लागली. मग मी तश्शीच कापून आणून बसवली. तारीखसुद्धा तुमचीच घातली."

मी हबकायला हवं होतं. हबकलो नाही. लिहिलेलं खोडलं आणि चहा सांगावा तशा आवाजात म्हणालो, "आजपासून ही खोली बंद ठेवा."

बायको गेल्यापासून माझं असंच झालंय. कुणी विचारलं, की मी "बरा आहे" म्हणतो. आत काही तडकलं असेल तर ते मलाही कळत नाही, इतक्या चटकन मी नवी काच बसवतो. बाईंवर कुठल्या तोंडाने रागावू?

नवी पट्टी लावली. "फुटली तर हात लावू नका, मला फोन करा," असं बाईंना बजावलं.

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही बरे आहात ना?"

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. ते मी तिथेच राहू दिलं.