भाऊसाहेबांची डावी भुवई

“मिशा वर करा, पेंटर. आणि डोळे जरा करारी. हा माणूस लढाई जिंकलाय, एस.टी. चुकल्यासारखा काय बघतोय?”

कलेक्टरसाहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेरीच्या हॉलमध्ये आपल्या जिल्ह्यातली लढाई हवी, असं त्यांच्या मनात आलं होतं. उदगीरची लढाई. सदाशिवरावभाऊंनी निजामाला असं कोंडीत पकडलं की त्याला तह करावा लागला. मी सिनेमाची पोस्टरं रंगवणारा. बारा फुटी भाऊसाहेब घोड्यावर बसवायचं काम मिळालं, मला कोण आनंद!

आमच्या धंद्यात छोट्या चित्रावर पेन्सिलीनं चौकटी आखतात, बोर्डावर तितक्याच, पण मोठ्या चौकटी आखतात आणि एकेक घर मोठं करत जातात. घोडा, तोफा, बुरूज असे उतरले. पण साहेबांनी दिलेल्या छापील चित्रात भाऊंचं तोंड हरभऱ्याएवढं, त्यात शाई पसरलेली. अशा वेळी पेंटर समोर आरसा ठेवतो. राग हवा असेल तर स्वतः रागवायचं आणि भुवया कशा चढतात ते बघून काढायचं.

मी मात्र मनाशी वेगळंच ठरवलं होतं. तोंड दत्तादादाचं काढायचं, आणि आरशासमोर बसून आठवत आठवत तसं काढलंही होतं. माझा थोरला भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून कंटाळला, मुंबईला जातो म्हणून गाडीत बसला, तो आलाच नाही. ना पत्र, ना निरोप. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. भाऊसाहेबही उदगीर जिंकून उत्तरेला गेले आणि पानिपतावरून परतले नाहीत, म्हणून सुचलं असेल. मायनं दादाला एकदा डोळे भरून बघावं, एवढंच मला हवं होतं. मलाही त्याची फार आठवण यायची. अजून येते.

“मिशा, डोळे उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो,” असं साहेबांना सांगितलं आणि औशाकडच्या आमच्या गावी जाऊन मायला दुकानात घेऊन आलो. तोंड बदलायच्या आत तिनं बघायला हवं होतं.

माय बोर्डासमोर उभी राहिली. पदर सावरून बराच वेळ बघितलं.

“कोण हाय ह्यो?”

“पेशव्याचा सेनापती. पण तोंड नीट बघ की, माय.”

“बघूनच राहिले. तू हायस.”

मी आरशात बघितलं, मग बोर्डाकडे. माझंच नाक, माझीच हनुवटी. दादाला आठवत आठवत मी आरशातला माणूस उतरवला होता. दादाचा चेहरा मला आठवतच नव्हता. मी स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडलो.

“दत्त्या काढाया गेलतास व्हय?” मायनं विचारलं. मी मान हलवली. “मग डावी भुवई तोड. हितं. हिरीत उडी मारताना त्याला कपार लागली व्हती, इसरलास?”

विसरलो होतो. ब्रश घेऊन भुवई मधेच तोडली. बाकी तोंड माझंच राहिलं. पण मायनं हात पुढं केला, रंग ओला होता म्हणून बोटं तशीच हवेत धरली.

“हाव. आता हाय.” मग तिनं विचारलं, “ह्या सेनापतीचं फुडं काय झालं?”

“लढाईत गेला. बायकोनं कुंकू पुसलं न्हाई म्हणतात. वाट बघत राहिली.”

“बराबर केलं तिनं,” माय म्हणाली.

संध्याकाळपर्यंत मिशा वर गेल्या, डोळे करारी झाले. साहेब जवळ येऊन बघू लागले.

“ही भुवई अशी का? इतिहासात आहे का हे?”

“साहेब, लढाई म्हटल्यावर एखादा वार बसणारच की.”

“वा! आता दिसतो सेनापती!”

चित्र हॉलमध्ये लागलं. पुढं माय लातूरला आली की कचेरीत जाऊन बाकावर बसायची. शिपाई विचारायचा, “आजी, कोणत्या साहेबाकडं काम हाय?”

“काम न्हाई बाबा. भेटाया आले.”

आता दुकानात कुणी पुढाऱ्याचा बोर्ड रंगवायला आलं, तर मी आधी विचारतो, घरातल्या माणसांचे फोटो काढलेत का? लोक हसतात. हसू देत. चेहरा लक्षात राहील या भरवशावर पेंटरनंसुद्धा राहू नये.