नायकाच्या हातून मरणारा तोमेझो

तोमेझो चाळीस वर्षं मरत होता, तेही पोटासाठी. जपानातल्या क्योतोच्या स्टुडिओत तलवारबाजीचे सिनेमे निघत. नायकाने वार केला की किंचाळून पडायचं, एवढंच त्याचं काम. त्यातले निम्मे वार हायासे गेन्नोसुकेचे. हा हायासे आधी पडद्यावरचा न्यायी सामुराई, मग टीव्हीवरचा लाडका कोतवाल, आणि आता म्हातारपणी संसदेच्या निवडणुकीला उभा! पांढरे हातमोजे काय, छातीवर नावाचा पट्टा काय, भोंग्याची गाडी काय! बघवत नव्हतं मेलं.

तोमेझोचा जोडीदार हिसाओ नऊ वर्षांपूर्वी शूटिंगमध्ये कौलांवरून पडून गेला. दोनदा अगदी झकास पडला होता बिचारा. पण हायासे म्हणाला, "माझा चेहरा नीट आला नाही, परत घ्या." तिसऱ्यांदा हिसाओ उठलाच नाही. तोमेझोच्या मांडीवर त्याने डोळे मिटले, तेव्हा हायासे मेकअपच्या खोलीत विचारत होता, "म्हणजे आजचं शूटिंग रद्द का?"

तोंड उघडलं तर काम बंद, असं कंपनीने सगळ्यांना दटावलं. तोमेझो गप्प बसला. हिसाओच्या बायकोला, फुमिएवहिनीलासुद्धा त्याने काही सांगितलं नाही. आरशात बघताना त्याला स्वतःचीच शिसारी यायची.

आणि आता बाजारातल्या सभेत हायासेने त्याला शेजारी उभं केलं. कानात म्हणाला, "तोमे, तू नुसतं हो म्हण. बाकी मी बघतो." समोर पहिल्या रांगेत फुमिए. कार्यकर्त्यांनीच आणून बसवलेली.

"माझ्या हातात हात ठेवून हिसाओने प्राण सोडला!" हायासे गहिवरला. खाली उतरून त्याने फुमिएपुढे गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं. मनात तीन आकडे मोजले आणि मग खांदे हलवले. शी! हे तीन आकडे मोजायला तोमेझोनेच शिकवलं होतं त्याला, एका सिनेमासाठी. बायका डोळे पुसायला लागल्या. त्याने माइक ओढून घेतला.

"खोटं बोलतोय हा! हा तिथे नव्हताच. मी होतो."

हायासेने डोकं वर न उचलताच हंबरडा फोडला, "बघा हो, त्या दिवसापासून माझा तोमे असाच भ्रमिष्टासारखा बोलतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माइक काढून घेतला गेला. पुढे लोकांनी याच माणसाला भरघोस मतांनी निवडून दिलं. थुंकावं तरी किती ठिकाणी!

फुमिए मात्र त्या सभेतच त्या वाकलेल्या पाठीला वळसा घालून निघाली. तिने तोमेझोला गल्लीत गाठलं.

"भाऊजी, नऊ वर्षं? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"पोटासाठी, वहिनी. लाज वाटते."

"वाटायलाच हवी." ती एक पाऊल जवळ आली. "शेवटी काय म्हणाले हो ते?"

तोमेझोला तिच्याकडे बघवेना.

"म्हणाला, 'या वेळी तरी बरोबर पडलो ना? पुन्हा नका घेऊ म्हणावं.'"