ताईच्या घरचा जुना अलार्म

वस्तीत त्याला सगळे भोंगेवाले म्हणत. वीस-बावीस वर्षं लोकांच्या छताला अलार्म लावत फिरलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? झोपायच्या खोल्यांत आणि घरातल्या बोळात धुराचा अलार्म, स्वयंपाकघरात उष्णतेचा, कारण तिथे धुराचा लावला तर फोडणी पडली की तो बोंब ठोकणार. आणि सगळे एकमेकांशी जोडलेले, म्हणजे एक ओरडला की घरभर सगळे ओरडणार. हात चोख होता त्याचा. तोंड तर हाताहून चोख. जुना अलार्म उतरवला की तो उलटा करून घरच्या माणसाच्या हातात ठेवायचा, मागची तारीख मोठ्याने वाचायला लावायचा, आणि मग त्याचं ठरलेलं भाषण सुरू व्हायचं.

"बटण दाबून बघता ना? ओरडतो ना? छान. पण बटण नुसतं घशाला विचारतं, बाबा रे, आवाज आहे का? नाकाला काही विचारत नाही. धूर ओळखायचं काम नाकाचं. दहा वर्षांत त्यात धूळ बसते, ते म्हातारं होतं, आणि एक दिवस जातं. घसा मात्र ठणठणीत. असा अलार्म असण्यापेक्षा नसलेला बरा. नसला की माणूस निदान सावध तरी झोपतो."

हे शेवटचं वाक्य त्याचं फार लाडकं होतं. ते म्हणताना तो शिडीवरून जरा खाली वाकायचा. बायामाणसं माना डोलवायची, आणि याला वाटायचं, आज एका घराला शहाणं केलं.

दुकानाचा नियम होता की उतरवलेल्या अलार्मवर काळ्या पेनाने फुली मारायची आणि तो भंगारात टाकायचा. शंभरातल्या नव्वद वेळा तो टाकायचाही. पण त्यातला एखादा दिसायला बरा असला, बटण दाबल्यावर खणखणीत ओरडला, की याचा हात अडायचा. या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असा एक खोका असतो. याचा गाडीच्या मागच्या सीटखाली होता. चालणारी वस्तू फेकवत नाही, एवढंच त्याचं कारण. त्या खोक्यातल्या वस्तूंचं पुढे काय होतं? त्या घरच्या माणसांकडे जातात. गिऱ्हाइकाला नवं, घरच्यांना खोक्यातलं, आणि वर घरच्यांनी कौतुक करायचं.

त्याची ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याची वेणीफणी सोडून बाकी सगळं हिनेच केलेलं. याने पन्नाशी गाठली तरी ती त्याला बारक्याच म्हणायची. बाहेरच्या खोलीत शिलाईमशीन, त्याच्या शेजारी इस्त्रीचं टेबल, आणि शाळांच्या गणवेशांचे ढीग. आतल्या खोलीत भावोजी. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एखादा शब्द तुटक निघायचा, तोही समोरच्याने धीर धरला तर.

"बारक्या, माझ्याकडे पण एक लाव की रे," ताई म्हणाली होती. "इस्त्री असते, कापडं असतात. आणि यांना काही झटकन उठता येत नाही."

"लावतो की! त्यात काय!"

त्यात काय म्हणत म्हणत वर्ष गेलं. ताईने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो योगायोगाने तिच्याच दारात उभा होता आणि खोका गाडीत होता. पिवळा पडलेला एक अलार्म त्याने टूथपेस्टने घासून पांढराशुभ्र केला, बोळाच्या छताला लावला आणि बटण दाबलं. अलार्म असा किंचाळला की ताईने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हसत सुटली. भावोजींनीही आतून डाव्या हाताने पलंगावर थाप मारली.

लावण्याआधी मात्र त्याने एक गोष्ट केली होती. 'तपासले' असं छापलेली दुकानाची चिठ्ठी त्याने अलार्मच्या पाठीवर चिकटवली आणि तिच्यावर सही ठोकली. ती चिठ्ठी बरोब्बर कंपनीच्या तारखेवर बसली. तेवढीच सपाट जागा होती, असं तो स्वतःला सांगत आला. साफ खोटं. जागा हवी तेवढी होती. लवकरच नवा आणू, तोवर हा असू दे, असंही त्याने मनाशी म्हटलं होतं. ते तोवर तीन वर्षं चाललं.

मग एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला तो एका घरी शिडीवर होता, तेव्हा ताईच्या शेजारच्या बाईंचा फोन आला. या बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, तोलूनमापून बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांचाही आवाज कापत होता. ताईकडे आग लागली होती, आता विझली होती, सगळे सुखरूप होते, पण तुम्ही या.

तो पोचला तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि जळक्या कापडाचा वास जिन्यापर्यंत आला होता. इस्त्रीचं टेबल अर्धं कोळसा. गणवेशांचा ढीग काळा चिखल. भिंत छतापर्यंत काजळलेली. जेवण झाल्यावर ताईचा पाच मिनिटं डोळा लागला होता, इस्त्री चालूच राहिली होती. ओली चादर टाकून तिनेच आग विझवली. तिच्या डाव्या हाताला पट्टी होती.

"भोंगेवाले, तुमचे उपकार हो!" बाई दारातच म्हणाल्या. "ताईंनी सांगितलं आम्हाला. अलार्म वाजला म्हणून जाग आली. आणखी पाच मिनिटं गेली असती तर आत हे बिचारे..."

त्याची छाती फुगली. खरंच फुगली. पुढे या दिवसातलं काय काय आठवून त्याला लाज वाटली, पण सर्वांत जास्त वाटली ती याची, की पहिला अर्धा क्षण त्याने ते कौतुक घेतलं.

मग तो भावोजींकडे गेला. पलंगाजवळ जमिनीवर त्यांचा पाण्याचा स्टीलचा पेला पडला होता. तोंडाशी चेपलेला, एका बाजूने पार वाकडा. पलंगाच्या लोखंडी दांडीवरचा रंग ठिकठिकाणी उडाला होता. भावोजींनी डावा हात उचलून बोळाच्या छताकडे दाखवलं आणि मान हलवली.

"ना... ही," ते म्हणाले. मग मूठ वळून त्यांनी हवेत ठोकल्यासारखं केलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

याने खाली वाकून तो पेला उचलला. ओरडता न येणाऱ्या माणसाने धुराचा वास आल्यावर पेला दांडीवर आपटत ताईला उठवलं होतं. किती वेळ आपटला असेल, ते पेल्याकडे बघून कळत होतं.

तो बोळात आला. अलार्मवर काजळीचा थर होता. एवढा धूर अंगावरून गेला आणि पठ्ठ्याने हूं की चूं केलं नव्हतं. सवयीने त्याचा हात वर गेला आणि त्याने बटण दाबलं. अलार्म खणखणीत ओरडला. दारात जमलेल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"माझ्याकडेही हाच बसवा," बाई म्हणाल्या. "अगदी असाच." त्यांच्या मागच्या दोघी शेजारणी म्हणाल्या, आमच्याकडेही.

"हो, बसवतो," तो म्हणाला. हे शब्द त्याच्याच तोंडातून आले. त्याने ताईकडे पाहिलं. ताई त्याच्याकडे पाठ करून मोरीत एक ताट घासत होती. ते ताट आधीच स्वच्छ होतं.

त्या दिवशी त्याला अन्न गोड लागलं नाही. बायकोने विचारलं तर दमलोय म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला पन्नासाव्या वर्षी कळलं. लोकांच्या घरी आपण जे भाषण ठोकतो त्यातलं एकेक वाक्य त्याला आठवत होतं आणि प्रत्येक वाक्यात ताईचं घर दिसत होतं. सावध तरी झोपतो! ताई सावध झोपली नव्हती, कारण छताला याची सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून कोरे करकरीत चार अलार्म घेऊन तो ताईकडे गेला. तीन धुराचे, एक स्वयंपाकघरासाठी उष्णतेचा. ताईने नेहमीसारखी शिडी धरली. एक हात पट्टीतला, तरी धरली.

"ताई," तो वरूनच म्हणाला. खाली बघायची हिंमत नव्हती. "तो वाजला नव्हता."

"माहितीये मला. मी इथेच होते."

"मग लोकांना तसं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? माझ्या भावाने लावलेला वाजला नाही, असं? तुझ्या नावावर पोट आहे तुझं."

त्याने जुना अलार्म उतरवला आणि उलटा केला. 'तपासले'ची चिठ्ठी एका कोपऱ्यातून सुटून वर वळली होती. खालची तारीख स्पष्ट दिसत होती. लावला तेव्हाच तो दोन वर्षं बाद झालेला होता.

"गेल्या वर्षी तो खाली काढून धूळ पुसताना बघितली मी ती तारीख," ताई म्हणाली.

"बघितलीस? आणि बोलली नाहीस?"

"तुला काय बोलणार, बारक्या? रोजचं काम तुझं. म्हटलं, चिठ्ठी लावलीये, सही केलीये, म्हणजे त्याला ठाऊक असेल. उगाच विचारलं तर तुला वाटायचं, ताईला भरवसा नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हताच. शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा राहून तो लहान मुलासारखा रडला, आणि ताईने शिडी सोडली नाही.

तेवढ्यात बाई आणि त्या दोघी आल्या. नवे अलार्म बघायला आल्या होत्या. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि तो खाली उतरला.

"बारक्या, राहू दे," ताई हळूच म्हणाली.

त्याने पिशवीतून अलार्म तपासायच्या खोट्या धुराचा डबा काढला, जुना अलार्म टेबलावर ठेवला आणि त्यावर धूर सोडला. सगळ्या वाट बघत राहिल्या. बाई गणिताच्याच, त्यांनी मनात आकडे मोजले असणार.

"वाजत का नाही हा?" अखेर त्यांनी विचारलं.

"कालही वाजला नव्हता," तो म्हणाला. "भावोजींनी पेला आपटला म्हणून ताई उठली. हा मी दुसऱ्याच्या घरातून काढलेला, बाद झालेला अलार्म आहे. मला माहीत होतं. तारखेवर चिठ्ठीसुद्धा मीच चिकटवली. असे अजून दोन आहेत, सासूबाईंकडे आणि मावशीकडे. ते आजच उतरवतो."

मागच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी तो अलार्म उचलून उलटा केला, चष्मा वर सरकवून तारीख वाचली, चिठ्ठीवरची सही वाचली, आणि तो परत ठेवला.

"खरं सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे मी दुसऱ्या कुणाला तरी बोलवीन."

"हो," तो म्हणाला.

त्या आत भावोजींकडे गेल्या आणि काहीतरी हळू बोलल्या. भावोजींनी डावा हात सलामासारखा कपाळाला लावल्याचं त्याला बोळातून दिसलं.

दुपारपर्यंत त्याने काम संपवलं. असं काम त्याने आयुष्यात केलं नसेल. स्क्रू दोनदा तपासले, तारखा ताईला वाचून दाखवल्या, बोळातल्या अलार्मवर धूर सोडला आणि चारही एकदम किंचाळले. भावोजी दचकले. पाठोपाठ त्यांचा चेहरा हसरा झाला. जुन्या अलार्मवर त्याने काळ्या पेनाने फुली मारली, इतक्या जोराने की पेनाचं टोक मोडलं.

निघताना तो भावोजींचा निरोप घ्यायला आत गेला. ताईने खोली आवरली होती. नवा पेला पाण्याने भरून टेबलावर झाकून ठेवला होता. आणि तो जुना, वाकडा पेला रिकामाच, पलंगाच्या डाव्या कडेला, भावोजींचा हात सहज पोचेल असा लोखंडी दांडीला टेकवून ठेवला होता.

"ताई, आता याची गरज नाही गं," तो म्हणाला. "चारही नवे आहेत. खरंच."

ताई चादरीची सुरकुती नीट करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"असू दे," ती म्हणाली.