डावी पाकळी

रस्त्याच्या कामासाठी टँकर खडीवर पाणी मारतो, तेव्हा मी खिडकी लावून घेते. ओल्या दगडाचा तो वास मला सहन होत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी, पनवेलजवळचा आमचा डोंगर खाणीला द्यायचं घाटत होतं. माथ्यावरच्या देवीला आम्ही आईच म्हणायचो. तिला विचारल्याशिवाय गाव सही करणार नव्हतं. कौल लावायचा मान माझ्या बाबांचा. मी तांब्यातलं पाणी देवीच्या दगडावर ओतलं, त्यांनी चाफ्याच्या दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. खाली भातखाचरं होती, पलीकडे खाडी चकाकत होती. करवंदीचं पानसुद्धा हलत नव्हतं, तरी डावी पडली. पुन्हा लावली, पुन्हा डावीच.

"पाकली नीट चिकटली नाय," बाबा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी डावी पाकळी अंगठ्याने दाबून बसवली, उजवी नुसती टेकवली. मी शेजारीच उभी होते, मला दिसलं. पण मला स्लॅबचं घर हवं होतं. उजवी पडली आणि माणसं सह्या करायला खाली उतरली.

आता तिथे खड्डा आहे. आईला रस्त्याकडेच्या टाइल्सच्या देवळात बसवलंय. सुरुंगांनी माझ्या स्लॅबला भेगा गेल्यात. बाबा शेवटचे आजारी पडले तेव्हा मी विचारलं, "आईला कौल लावूया का?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तिला आता काय इचारतेस? तिनी तवाच दोनदा सांगितलं होतं."