वेळेआधी आलेलं पिठलं

माझे वडील जिवंत असताना मी त्यांना गुरुग्राममध्ये, भर स्टेजवर, मारून टाकलं.

मुद्दाम नाही. म्हणजे मुद्दामच, पण वाईट हेतूने नाही. मी स्टँड-अप कॉमेडियन आहे. आज गुरुग्राम, उद्या चंदीगड, परवा जयपूर, असं फिरत हिंदीत जोक सांगतो. बाबांचं लिव्हर संपत आलं होतं. डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" असं सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ आमच्या नोएडाच्या घरात सगळ्यांना कळला होता, बाबांना सगळ्यांत आधी. एक गोष्ट मला फार लागून राहिली होती. गावोगावची अनोळखी माणसं माझ्या जोकला हसली होती, बाबा एकदाही हसले नव्हते. आता वेळ उरला नव्हता आणि मला त्यांचं एक हसू हवं होतं.

त्या दिवसांत दुसरं काही सुचायचंच नाही, म्हणून हॉस्पिटलातले बाबा मी स्टेजवर घेऊन गेलो. सलाइन लावायला आलेल्या नर्सला ते "आधी लेखी दे" म्हणाले होते, तो किस्सा. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. लेखी आल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही घडू दिलं नाही.

पण जोक पडायचा. आमच्या धंद्यात आजारी बाप चालत नाही. बाप आजारी आहे म्हटलं की लोक हसायचं सोडून काळजी करायला लागतात. पुढच्या रांगेतली एखादी बाई तर असा चेहरा करते की आपणच खाली उतरून तिला पाणी द्यावं. गेलेला बाप चालतो. व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, लोक मोकळे होतात. तर त्या संध्याकाळी जोक पुन्हा पडतोय असं दिसल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "खैर, पापा तो अब रहे नहीं." आणि काय सांगू, अख्खा हॉल हसला.

मला वाटलं, एवढ्या मोठ्या दिल्लीत कोणाला कळणार आहे! दिल्ली मोठी आहे हे खरं, पण आमची मराठी दिल्ली गणपतीच्या आरतीला जमते तेवढीच. त्या हॉलमध्ये आमच्या गणपती मंडळाचे एक काका बसले होते. भाच्याने त्यांना "काहीतरी नवीन बघा" म्हणून ओढून आणलं होतं. त्यांनी भलतंच नवीन ऐकलं.

तुम्ही म्हणाल, फोन करून विचारायचं की. पण आपल्यात अशा वेळी फोन करत नाहीत, जातात. आणि ज्या घरातलं माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भात घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि काकू डबा घेऊन आमच्या दाराशी हजर. अशा घरी बेल कशी वाजवायची, म्हणून हलकेच दार ठोठावलं.

आईने दार उघडलं. कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, हातात बाबांच्या सूपचा चमचा. काकूंनी तिला मिठीच मारली.

"रडून घ्या वहिनी. कोंडून ठेवू नका."

"अगं बाई, का? कोण गेलं?" आई घाबरली.

काकूंनी काकांकडे बघितलं. बिचारीला धक्क्याने भ्रम झालाय, असं ते बघणं होतं. तेवढ्यात हॉलमध्ये खिडकीशी लावलेल्या पलंगावरून आवाज आला.

"कोण आलंय? दारात काय उभं केलंयस त्यांना? आत घे ना यार."

उभी हयात दिल्लीत काढल्यामुळे बाबांचा 'यार' बायकोलाही लागू होता.

काकांच्या हातातला डबा पडला नाही, हे काकांचं कौतुक. मी तोवर आतल्या खोलीतून डोळे चोळत आलो होतो. डबा बघितला आणि सगळं समजलं. पळून जावं तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हाच म्हणाला. माइकवर."

आईने माझ्याकडे असं बघितलं की त्या डब्यात माझंही भागलं असतं. बाबांना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता.

"कशाने गेलो मी?"

"कारण नाही सांगितलं, बाबा."

"विनाकारण? अरे, आमच्याकडे शिपायाला काढायचं तरी कारण द्यावं लागायचं."

"सॉरी, बाबा."

"लोक काय म्हणाले?"

"हसले."

"अच्छा." त्यांची नजर काकांच्या हाताकडे गेली. मग म्हणाले, "डब्यात काय आहे?"

काकू पुटपुटल्या, "पिठलं-भात."

बाबांनी कित्येक दिवस धड खाल्लं नव्हतं. सूप, खिचडी, डॉक्टरांनी दिलेली पावडर, काहीही पुढे केलं की तोंड भिंतीकडे. आईला तो स्वतःचा अपमान वाटायचा. आणि आता हा माणूस कोपरावर उठून बसायला बघत होता.

"आण इकडे."

"काहीतरीच काय! अहो, ते दुःखाचं आहे."

"माझ्याच नावाने आलंय ना? मग दुसरा कोण खाणार? बेसनाला काय माहीत, कोण मेलंय ते."

आई डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. पिठलं कढईत ओतल्याचा, मग लसणाच्या फोडणीचा आवाज आला. वाटी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आता हे आपल्या घरचं झालं. आता खा."

बाबांनी चमचा चमचा करत अख्खी वाटी संपवली. काकू पदराने डोळे पुसत होत्या. रडायच्या तयारीनेच आल्या होत्या, ती तयारी वाया गेली नाही. आईने विचारलं, "मीठ ठीक आहे?" बाबा म्हणाले, "तुझ्यापेक्षा ठीक." कितीतरी दिवसांनी ती खरोखर चिडली आणि चिडल्यामुळे छान दिसली. पुढे काही आठवड्यांनी काकू पुन्हा तसाच डबा घेऊन आल्या, तेव्हा कोणी कोणाला काही विचारलं नाही. मला एक घासही उतरला नाही. या पहिल्या डब्याच्या सकाळी मात्र मी कढई पुसून खाल्ली.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "म्हण बघू तो जोक. सगळ्यांनी ऐकला, मीच राहिलो."

पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून मी बाबांसमोर त्यांचा जोक केला. काकांना हसू आलं, पण बाबांचा चेहरा बघून त्यांनी ते आत घेतलं.

"लेखी दे म्हणालो नव्हतो," बाबा म्हणाले. "लेखी दे, दोन प्रतींत, असं म्हणालो होतो. आणि लांबलंय फार. मुद्दा पहिल्या ओळीत यायला पाहिजे."

हसू नाहीच.

त्याच आठवड्यात पानिपतला एका कॉलेजात शो होता. मी तो रद्द करतो म्हणालो. बाबांनी ऐकलं नाही. महाराष्ट्रातून पाहुणा आला की ताजमहालाच्या आधी त्याला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला नेणारा हा माणूस. तिथल्या स्मारकासमोर दर वेळी ते चपला काढून हात जोडायचे आणि परतताना दर वेळी बाजारातून चादरी घ्यायचे. आमच्या घरातल्या सगळ्या चादरी मराठ्यांच्या पराभवावर आल्या आहेत.

"पानिपतला जायला मराठी माणसाने मागेपुढे बघायचं नसतं," बाबा म्हणाले. "फक्त जिंकून ये. आणि फोन चालू ठेव, मी ऐकतो."

त्यांनी ऐकलेला माझा पहिला शो तो, आणि शेवटचाही. ऐन वेळी विसरेन या भीतीने मी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच आईला फोन लावला आणि मोबाइल साउंडवाल्याच्या टेबलावर ठेवून दिला. माझ्या आधी एक नवीन मुलगी बोलणार होती. ती बोलत असताना मी बाहेर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत माझ्या ओळी घोकत होतो.

स्टेजवर गेलो आणि पहिल्याच ओळीत सांगितलं, "पापा बीमार हैं, घर पर हैं, और फ़ोन पर सुन रहे हैं." पुढच्या रांगेत काळजीचे चेहरे. मग मी "दोन प्रतींत" सांगितलं, आणि आजारी बाप चालला. चालला म्हणजे काय, धावला. माझ्या आयुष्यात इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. मी धावत टेबलापाशी गेलो आणि फोन उचलला.

"आई, ऐकलं ना? बाबा हसले का?"

"हसले की रे! इतके हसले, ठसका लागला. पाणी द्यावं लागलं."

मी तिथेच खुर्चीवर बसलो. "कशाला हसले गं? दोन प्रतींना?"

फोनवर जरा खुडबूड झाली. मग बाबांचा आवाज आला, बारीक, पण सेक्शन ऑफिसरचा.

"तुझ्या आधी ती मुलगी होती ना, तिच्या जोकला हसलो. हुशार आहे. तू सुरू झालास आणि मला बिल्कुल छान झोप लागली, गोळी न घेता. त्या टाळ्यांनी उगाच जाग आली."