कासार आंबोलीला मी काय बोललो

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नव्हती, आणि ती आता नाही. म्हणून तुम्हीच पहिले.

पिरंगुटजवळ एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेचा मी प्रमुख होतो. यीस्टच्या पेशीत बाहेरचं जनुक घालायचं आणि त्याच्याकडून औषधी प्रथिन करून घ्यायचं, हे आमचं काम. प्रथिन मिळे फार थोडं. वंदना — माझ्या हाताखालची शास्त्रज्ञ, भरे गावची सून — आणि मी, आम्ही एक रीत बसवली. जनुक चालू करण्याआधी यीस्ट काही वेळ गार ठेवायचं. प्रथिन कितीतरी वाढलं. पेटंटचा अर्ज वकिलांकडे तयार होत होता. तोवर बाहेर बोलायचं नाही, एवढंच पथ्य.

त्या जानेवारीत कासार आंबोलीला एका वर्गमित्राच्या बंगल्यावर हुरडा होता. तो दुसऱ्या औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "काय रे, अजून यीस्टच पोसतोयस?" सगळे हसले. मीही हसलो — आणि मग सांगितलं. किती गार, केव्हा, सगळं. का? त्यानं हसणं थांबवावं म्हणून. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

त्याच्या कंपनीचा अर्ज आमच्याआधी दाखल झाला. रीत आमच्याकडून नेली, असा आक्षेप आमच्या कंपनीनं घेतला. पण कुणामार्फत, ते दाखवायला हवं होतं. वंदनाचा दीर त्या कंपनीत होता. चौकशीत ती म्हणाली, "साहेब, तो तिथं खोकी भरतो. त्याला मी जनुक काय सांगणार?" मग मला विचारलं — वकील सोडून रीत कुणाकुणाला माहीत होती?

मी म्हणालो, आम्हा दोघांनाच.

हुरड्याचं सांगितलं असतं तर आक्षेप टिकला असता, तिची नोकरी राहिली असती, माझी गेली असती. हे मला नंतर सुचलं का? नाही — तिथं खुर्चीत बसूनच कळत होतं.

तिच्याकडून राजीनामा घेतला. पुराव्याअभावी आक्षेप फेटाळला, पेटंट त्यांना मिळालं. मी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो.

नंतर एकदा ती घरी आली, मुलीच्या बारावीचे पेढे घेऊन. तिला पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेनं घेतलं नव्हतं. गावात शिकवण्या घेत होती. म्हणाली, "सर, तेव्हा सगळे माझ्यावर उलटले. तुम्ही एक शब्द माझ्याविरुद्ध बोलला नाहीत. आमच्या घरात तुमचं नाव निघतं."

मी पेढा खाल्ला. तिनं आग्रह केला, तेव्हा दुसराही घेतला.