झबल्यांची शिवण

लालबागच्या त्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नसे. सुभद्रेनं त्या दुपारी लावलं आणि तिथंच चुकली.

परळच्या एका सूतिकागृहानं बाळांची झबली बाहेरून शिवून घ्यायचं ठरवलं होतं. कंत्राट रघुवीरला मिळालं. त्यानं कापलेलं कापड सुभद्रेला आणून दिलं. नवऱ्याला गिरणीतून कमी केलं होतं, तिनं घेतलं. पहिली पन्नास झबली मेट्रनला पसंत पडली, तर इस्पितळातली शिवणखोली महिनाअखेरीस बंद होणार होती. त्याच खोलीत शेजारची कमळाबाई बारा वर्षं शिवत होती. सुभद्रेला मशीन चालवायला शिकवलं तेही तिनंच. आठ दिवसांपूर्वी दोघी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात हात धरून चालल्या होत्या. रघुवीरही होता. घोषणा त्याचीच सगळ्यांत मोठी.

कडी वाजली. सुभद्रेनं झबल्यांवर लुगडं टाकलं आणि दार उघडलं.

"काय गो, भर दिवसा दार लावून? ताप आला काय?" कामावरून आलेल्या कमळाबाईनं पेज आणली होती. ती ठेवायला वाकली आणि लुगड्याखालून लोंबणारे बंद तिला दिसले.

"किती झाली?"

"चाळीस."

कमळाबाईनं एक उचलून बोटांनी चाचपलं. "अगो बाय, शिवण आत घेतलीस! कालच्या बाळाचं अंग ते, टोचेल ना! झबल्याची शिवण बाहेर. मेट्रन बघताक्षणी परत पाठवील."

परत गेली असती तर शिवणखोली वाचली असती. दोघींना ते ठाऊक होतं.

"बघत काय बसलीस? ब्लेड दे."

राहू दे, एवढं तरी म्हणायला हवं होतं. सुभद्रेनं ब्लेड दिलं. दिवेलागणीपर्यंत कमळाबाई उसवत होती आणि ती शिवत होती. पेज तशीच निवून गेली.

झबली पास झाली. शिवणखोलीला कुलूप लागलं.

रघुवीर दुप्पट कापड घेऊन आला. "शिवण बाहेर घ्यायची, हे मलाही माहीत नव्हतं हो, सुभद्राबाई. मेट्रन खूश! कुणी सांगितलं तुम्हाला?"

कमळाबाई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. तिचं नाव घेतलं असतं तर यातला अर्धा गठ्ठा तिच्याकडे गेला असता.

"कुणी नाही," सुभद्रा म्हणाली. "मीच घेतली, मनानं."

कमळाबाईनं वर पाहिलं नाही. खडा काढून कठड्यापलीकडे टाकला आणि सूप घेऊन ती आत गेली.